उत्प्रेरकाच्या रकान्यात

हेल्वे राउडसेप ऑक्टोबरात निवृत्त झाली
आणि तेव्हापासून वलय मिटेना.

अकरा वेळा लावली तीच अभिक्रिया.
तोच फ्लास्क, तेच तेल, एकशे दहा अंश,
तेच फेरिक क्लोराइड, उलट आता अधिक शुद्ध,
बाटलीवर नव्व्याण्णवनंतर दशांशचिन्ह आणि आणखी दोन नऊ.
सकाळी प्लेट दिव्याखाली धरावी
तर ठिपका काल होता तिथेच,
रुसून बसलेला.

कागदावर किती सोपं आहे ते.
षटकोनाच्या दोन लगतच्या कोपऱ्यांवर
इकडे नत्र, तिकडे तिहेरी बंध,
एकाच बाकावर बसून न बोलणारी दोघं.
मध्ये धातू यावा लागतो.
तो बंधाची मूठ जराशी सैल करतो,
नत्र वळून पाहतो,
आणि पाच जणांचं कडं होतं.
धातू तोवर पुढच्या दाराशी.
चार कर्ब आणि एक परका,
म्हणून विषमचक्री.
त्या परक्यावाचून औषध नाही, नीळ नाही,
नुसती कर्बाची भाऊबंदकी.

प्रोफेसर टामकिवींचा शोधनिबंध
माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.
मथळ्यातला पहिलाच शब्द: लोखंडाने.
वीस वर्षं प्रयोगशाळा त्या एका शब्दावर जगली.
स्वस्त, बिनविषारी, कुणाच्याही घरचं लोखंड.
प्रोफेसर आता बर्फाखाली आहेत,
त्यांना विचारता येत नाही.

फेब्रुवारीत मी फोन केला.
हेल्वे एल्व्हाहून बसने आली,
गोठलेल्या एमायोगीवरचा पूल चालत ओलांडून.
कोट काढायच्या आधी म्हणाली,
"केर्तू, तुझा वजनकाटा तिरका उभा आहे."
मग पर्समधली चष्म्याची डबी उघडून
त्यातून काढला पितळी चमचा,
काडीएवढा, टोकाला चपटा.

फेरिक क्लोराइडचे खडे दमट असतात, चिकटतात.
तिने चमचा बाटलीत फिरवला,
फ्लास्कच्या तोंडाशी आणला,
आणि बोटाने टिचकी मारली,
एक,
दोन.

दुसऱ्या दिवशी प्लेट रंगात बुडवून तापवली
तर जांभळं.
इंडोल. पातळ असलं तर जाईचा वास, असं पुस्तकात आहे,
दाट असलं तर शेणाचा.
जाई मी कधी पाहिलेली नाही.
हेल्वे वोरूजवळच्या गोठ्यात वाढली,
नाक पुढे करून म्हणाली, "हो, झालंय."

मी चमचा हातात घेतला.
कड कुरतडलेली, सशाने कोबी खावा तशी.
फेरिक क्लोराइड तांबं खातं,
हे सर्किटचे बोर्ड बनवणारी शाळकरी पोरंही जाणतात.
आम्हाला ते ठाऊक होतं.
फक्त कुणी चमच्याकडे पाहिलं नव्हतं.

"वडिलांनी केला," ती म्हणाली.
"अठ्ठ्याहत्तर साली. स्टीलचे यायचे नाहीत.
कारखान्यातल्या लेथवर, जेवणाच्या सुट्टीत, फोरमनला चुकवून."
आणि मग एकदम हसली.
आमच्या भाषेत राउडसेप म्हणजे लोहार.
आडनाव लोखंडाचं, राबलं पितळ.

"आता काय, निबंध मागे घ्यायचा?"
"दुरुस्ती छापायची," मी म्हटलं.
"चिडले असते फार," ती म्हणाली,
"दार आपटलं असतं.
आणि मग सूप प्यायला गेले असते."

चमचा ठेवून जा म्हटलं, तर नाही.
मुरंब्याच्या बरणीचं झाकण
घरी त्याच्यावाचून निघत नाही.
डबी मिटली, पर्स मिटली, चार दहाची बस.

वही पुढे ओढली.
उत्प्रेरकाच्या रकान्यात लोखंड खोडलं,
तांबे लिहिलं.
शेजारचा रकाना मात्रेचा,
तिथे पेन बराच वेळ थांबलं.
मिलिग्रॅम? कितवा भाग?
बाहेर अंधारून आलं होतं.
मग नियमाप्रमाणे शाईनेच लिहिलं:
दोन टिचक्या.